घर पाहावे ठोकून!

‘घर पाहावे बांधून’ असे पूर्वज सांगून गेले. त्यांना मुंबई ठाऊक नसावी. गिरगाव-दादरमध्ये सामान्य माणसाच्या नशिबी बांधणे कुठले? दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याने वापरलेले घर घ्यायचे आणि तेही अर्ध्या तासात पाहून. वारा येतो का, पाणी किती वाजता येते, शेजार कसा, एवढे विचारले की पाहणी संपली. कागदपत्रे वकिलाला दाखवतो, दिशा वास्तुशास्त्रवाल्याला. इंजिनियरला मात्र कुणी बोलावत नाही.

आमच्या एका स्नेह्यांनी बोलावले. लालबागच्या चाळीतली खोली सोडून त्यांना दादरला, चाळीस वर्षांच्या इमारतीत फ्लॅट घ्यायचा होता. भिंतींना नुकताच रंग दिलेला. इंजिनियर आले ते टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन. स्टुलावर चढून छताला ठक् ठक् करीत निघाले. भक्कम काँक्रीट टणक वाजते, आतून सुटलेले बद्द वाजते. आपली आजी माठ वाजवून घेई, तोच प्रकार! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आवाज बदलला. “वरच्यांकडे जाऊ या,” ते म्हणाले. वर नेमके त्याच जागी न्हाणीघर होते. पाणी झिरपते, सळीला गंज चढतो, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. खाली नव्या रंगाने ते सारे झाकले होते.

शंका आली तर पुढच्या तपासण्या असतात. शाळेच्या प्रयोगशाळेतले फिनॉल्फ्थॅलिन आठवते? काँक्रीटच्या ताज्या तुकड्यावर ते शिंपडले की, जिथे सळीला जपणारा अल्कगुण शिल्लक आहे तो भाग गुलाबी होतो. बाकीचा बिनरंगी राहतो.

गिरगाव-परळच्या जुन्या चाळींची दुखणी वेगळी. तिथे सागवानी तुळया असतात. त्यांची भिंतीत शिरलेली टोके पावसाच्या ओलीने आधी कुजतात, नाहीतर वाळवी धरते. वरून दिसते ते फक्त पॉलिश. त्यात मोरीचा संडास झालेला, लादीवर लादी चढलेली, वर पोटमाळा. हे ओझे पेलवते का, असे तुळईला विचारतो कोण? १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आला. म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पाहणी करून अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. पागडीची खोली घेणाऱ्याने ती आधी वाचावी. दलाल आपण होऊन दाखवील, या भ्रमात राहू नये.

आणि फक्त आपली खोली तपासून भागत नाही. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळली. ६१ जीव गेले. इमारत महापालिकेचीच, राहणारी पालिका कर्मचाऱ्यांची कुटुंबे, आणि वयाने ती शंभरीतली नव्हती, जेमतेम तिशी ओलांडलेली. तळमजल्याच्या गोदामात केलेल्या फेरफारांकडे नंतर बोट दाखवले गेले. वर झोपलेल्यांच्या हाती काय होते?

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागायला लाजू नये. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. अहवाल ‘फायलीत कुठेतरी आहे’ असे उत्तर आले, तर काय समजायचे ते समजावे.

आमच्या स्नेह्यांच्या सौद्यात विकणारे गृहस्थ आधी भडकले. “घरात खोट काढायला माणूस आणलात?” मात्र अहवालात दोष कुठे, कशामुळे आणि दुरुस्तीला किती खर्च, हे सारे कागदावर होते. तासभर घासाघीस झाली असती ती दहा मिनिटांत आटोपली. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा झाला, बाकीची किंमत जशीच्या तशी राहिली. गृहस्थ म्हणाले, “हे मीच आधी केले असते, तर निम्म्यात भागले असते.” त्यांनी नुसत्या रंगालाच बरेच पैसे घातले होते.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. मुलाजवळ राहायचे म्हणून ते ठाण्याला जुना फ्लॅट पाहत होते. त्यांना त्या हातोडीवाल्या इंजिनियरचा नंबर हवा होता.