एका विद्यापीठातून एकच अर्ज

अमेरिकेतल्या मटेरियल्स संशोधन केंद्रांचा सरकारी निधी साधारण तीन वर्षांतून एकदा खुला होतो. देतं तिथलं नॅशनल सायन्स फाउंडेशन, आणि योजनेला सगळे ‘मर्सेक’ म्हणतात. २०२३ च्या फेरीत नऊ केंद्रं निवडली गेली, प्रत्येकाला सहा वर्षांसाठी एक कोटी ऐंशी लाख डॉलर. ही नऊ नावं बातमीत येतात. त्याआधीची एक चाळणी मात्र कुठेच छापून येत नाही. नियम असा की एका विद्यापीठातून एकच अर्ज. म्हणजे देशभरातल्या मातब्बरांशी गाठ पडण्याआधी आपल्याच जिन्यावर रोज भेटणाऱ्या माणसाला हरवावं लागतं.

अशाच एका विद्यापीठात मी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची सामायिक प्रयोगशाळा सांभाळतो. मी ना प्राध्यापक, ना परीक्षक. पण अर्जात दाखवायचं चित्र काढायला सगळ्यांना यावं लागतं माझ्याच दारी. त्यामुळे कोणाच्या हातात कोणतं पान आहे हे कुलगुरूंच्या आधी मला कळतं, आणि ते पोटात ठेवणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे.

अंतर्गत फेरीची सूचना निघाली की पहिला परिणाम आमच्या बुकिंगच्या वेळापत्रकावर दिसतो. एरवी रिकाम्या जाणाऱ्या रात्री भरतात. एका फेरीत दोन गटांनी लागोपाठच्या रात्री घेतल्या होत्या. एक रसायनशास्त्राचा, दुसरा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा. दोघांनीही मला बाजूला घेऊन एकच विनंती केली, की आमचा नमुना कोणता हे पलीकडे कळता कामा नये. दोघांचेही नमुने ऑक्साइडचे, अणूंच्या थरावर थर चढवून वाढवलेले. रसायनवाल्यांचे थर इतके नितळ होते की पाहत राहावं, पण जिथे दोन थर जुळतात तिथे वीज का वाहत नाही हे त्यांना उमगत नव्हतं. मेकॅनिकलवाल्यांकडे गणित तयार होतं. त्यांच्या हिशेबाने अशा सांध्यावर काही ऑक्सिजन अणू जागेवर नसणार होते. पण ते दाखवायला लागणारा नितळ थर काही त्यांना जमत नव्हता.

ऑक्सिजनचा अणू हलका. जड धातूंच्या अणूंशेजारी तो साध्या प्रतिमेत जवळजवळ दिसतच नाही. तो पकडायचा तर नमुन्यातून आरपार गेलेल्या इलेक्ट्रॉनांनी वाटेत किती ऊर्जा गमावली ते बिंदूबिंदूला मोजावं लागतं. पहाटेपर्यंत ते मोजमाप चाललं. पडद्यावर आलेख उमटला तेव्हा एका गटाचं उत्तर दुसऱ्या गटाच्या नमुन्यात पडलेलं मला स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडायची सोय नव्हती. दुसऱ्याची मोजमापं सांगणं म्हणजे विश्वासघात.

गाठ सुटली ती सादरीकरणाच्या दिवशी. यंत्रांबद्दल प्रश्न आले तर उत्तर द्यायला म्हणून मला मागच्या खुर्चीत बसवलं होतं. समितीत जीवशास्त्राच्या एक वयस्क बाई होत्या. ऑक्साइडशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्यामुळेच त्या उपयोगी पडल्या. प्रत्येक गटाला त्या एकच विचारत होत्या: तुमच्यातला एक माणूस उद्या निघून गेला, तर कोणता प्रयोग थांबेल? खोलीत सन्नाटा. पाच नावांचा गट, पण प्रत्येकाचं काम आपापल्या खोलीत सुरळीत चालू राहिलं असतं. केंद्राचा पैसा तर नेमका त्या कामासाठी, जे एकट्याने होऊच शकत नाही. दोन दिवसांनी दोन्ही गटांना निरोप गेला: एकत्र या, नाहीतर दोघेही बाहेर. पहिल्या संयुक्त बैठकीत चित्रं शेजारी शेजारी ठेवली, आणि मग मला काही सांगायची गरजच उरली नाही.

हे भांडण माझ्या ओळखीचं होतं. मी आंबिवलीचा, बाबा मोहोन्याच्या एनआरसी या रेयॉन कारखान्यात, स्पिनिंग खात्यात. रेयॉनचा धागा म्हणजे लाकडाचा लगदा. तो कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवायचा, काही तास मुरवायचा, मग बारीक भोकांच्या टोपीतून आम्लाच्या कुंडात सोडायचा. ही टोपी नाण्याएवढी, सोनं आणि प्लॅटिनमच्या मिश्रधातूची. ती कुलपात असायची आणि मोजून हातात मिळायची. धागा तुटू लागला की लॅबवाले म्हणत भोकं बुजली, स्पिनिंगवाले म्हणत रस नीट मुरला नाही, आणि दोघं मिळून आम्लावर ढकलत. बाबांचं म्हणणं एवढंच असे, “तिघांना एकाच मशीनपाशी उभं करा, तासाभरात कळेल.” २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि हजारो कामगार देण्यांसाठी वर्षानुवर्षं झगडत राहिले. तिथे जमलेलं ते शहाणपण कुठल्याही प्रबंधात आलं नाही याची मला आजही हळहळ वाटते.

अमेरिकेतही ही केंद्रं याच गरजेतून उभी राहिली. १९५७ मध्ये स्पुटनिक उडाला, आणि १९६० मध्ये संरक्षण खात्याच्या आर्पा संस्थेने कॉर्नेल, पेनसिल्वेनिया आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत धातुशास्त्रज्ञ, रसायनज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञांना सामायिक यंत्रांभोवती आणून बसवलं. १९७२ मध्ये ही केंद्रं नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे आली आणि १९९४ पासून मर्सेक सुरू झालं.

आता जे मला खुपतं ते. त्याच फेरीत एक तरुण सहायक प्राध्यापिका गळाली. तिचा विषय आपोआप सांधल्या जाणाऱ्या पॉलिमरचा. दोन गट एक झाले, नावं जास्त झाली, कात्री तिच्यावर चालली. तिला आली ती एका ओळीची मेल, की या फेरीत तुमचा विषय बसत नाही. कारण काही नाही. पुढच्या आठवड्यातली बुकिंग रद्द करायला ती माझ्याकडे आली. मी रद्द केली नाही. “मॅडम, यंत्र तुमच्या नावावर आहे, तुम्ही या,” एवढंच म्हणालो. त्या रात्रींतून तिला मिळालेल्या चित्रांवर तिने पुढे स्वतःच्या नावावर निधी मिळवला. आमचा संयुक्त अर्ज पहिल्या टप्प्यातून पुढे गेला, शेवटच्या यादीत मात्र आला नाही.

मर्सेक केंद्रांना आपल्या निधीतला काही वाटा ‘सीड’ म्हणून नव्या, कच्च्या कल्पनांसाठी राखावा लागतो. केंद्र मिळालं तरच हे बंधन. अंतर्गत फेरीत हरलेल्यांसाठी असा नियम कुठेच नाही, आणि बळी जातात ते तिथेच.

भारतात विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना २००० पासून विद्यापीठांतल्या विभागांना यंत्रांसाठी पैसा देते आहे, आणि २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनही आलं आहे. कोणाचा प्रस्ताव पुढे पाठवायचा हा प्रश्न मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या विद्यापीठांनाही सुटलेला नाही. तिथल्या समित्यांवर बसणाऱ्या मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. ज्याला नाही म्हणाल त्याला निदान एक पान कारण लिहून द्या, आणि त्याची यंत्रावरची वेळ काढून घेऊ नका.