दाराबाहेरचीं दोन वर्षें



१९०१ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १२ तारखेस जपानांतील योकोहामा बंदरांत चार अमेरिकन प्रवासी उतरले. त्यांचे प्रमुख हीबर ग्रँट हे चव्वेचाळीस वर्षांचे होते. सर्वांत धाकटा आल्मा टेलर, त्याला एकोणीस वर्षें पुरीं होऊन अकराच दिवस झाले होते. जपानी भाषा चौघांपैकीं एकालाहि येत नव्हती. ते एका वसतिगृहांत जागा मागावयास गेले, तों हे 'मॉर्मन' आहेत असें कळतांच मालकानें जागा देण्याचें नाकारलें. टेलरच्या परदेशवासाचा आरंभ असा बंद दारापासून झाला. आणि त्या देशांत तो पुढें साडेआठ वर्षें राहिला.

आज जगांतील पुष्कळ शहरांत पांढरा सदरा, गळ्यास टाय आणि छातीवर नांवाची काळी पट्टी अशा वेषांत तरुण मुलें दोघे-दोघे मिळून हिंडतांना दिसतात. तीं टेलरच्याच परंपरेंतलीं. हीं मुलें कोण, त्यांचा दिवस कसा जातो, आणि बहुतेक दारें बंद होत असतां दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीं पुन्हा कशाच्या बळावर बाहेर पडतात, हें आज आपणांस सांगावयाचें मीं योजिलें आहे.

प्रथम त्यांच्या पंथाची ओळख करून घेऊं. मॉर्मन हें लोकांनीं दिलेलें नांव आहे. 'अखेरच्या दिवसांतील संतांची येशू ख्रिस्ताची मंडळी' अशा अर्थाचें लांबलचक नांव हे लोक स्वतःस घेतात. जोसेफ स्मिथ यांनीं १८३० सालीं न्यूयॉर्क संस्थानांत हा पंथ स्थापिला. बायबलाच्या जोडीला 'मॉर्मनचा ग्रंथ' हाहि ते पवित्र मानतात, आणि इतर अनेक ख्रिस्ती पंथ त्यांना आपल्यांत धरीत नाहींत. १८४४ सालीं जमावानें स्मिथ यांचा वध केला. तेव्हां ब्रिगॅम यंग यांच्या नेतृत्वाखालीं अनुयायी पश्चिमेकडे निघाले व १८४७ सालीं सॉल्ट लेकच्या ओसाड खोऱ्यांत स्थायिक झाले. या पंथांत पूर्वीं बहुपत्नीत्वाची चाल होती. ती सोडल्याचें १८९० सालीं जाहीर करण्यांत आलें. तरीहि तिची अपकीर्ति योकोहामापर्यंत यांच्या आधींच पोंचलेली होती.

त्यांच्या स्थानिक मंडळ्यांत पगारी पुरोहित नसतो. उपाध्येपण करणारा मनुष्य एरवीं दुकानदार असेल, दंतवैद्य असेल, नाहींतर मास्तर असेल. धर्मप्रसाराचें कामहि घरच्याच मुलामुलींनीं करावयाचें असतें. मुलगे दोन वर्षें जातात, मुली अठरा महिने. मुलग्यांना पूर्वीं एकोणीस वर्षें पुरीं व्हावीं लागत. २०१२ पासून अठरा वर्षांच्या मुलालाहि जातां येतें. अशीं सत्तर हजारांहून अधिक मुलेंमुली या घटकेस जगभर काम करीत आहेत.

आपल्या प्रांतालाहि हे लोक अगदींच अपरिचित नव्हते. ह्यू फिंडले नांवाचे त्यांचे एक स्कॉटिश प्रचारक १८५२ सालीं मुंबईस उतरले व पुढें पुण्यास जाऊन राहिले. परंतु लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध आणि लोकांची उदासीनता यांमुळें तें काम थोड्याच वर्षांत आटोपलें. जपानांतील काम मात्र, मध्यें मोठा खंड पडूनहि, आजतागायत चालू आहे. म्हणून उदाहरणादाखल जपानकडेच वळूं.

जाऊं इच्छिणारा मुलगा अर्ज करतो. परंतु कोणत्या देशीं जावयाचें हें तो ठरवीत नाहीं. तें सॉल्ट लेक सिटींतील वरिष्ठ ठरवितात. पूर्वीं एका मोठ्या लिफाफ्यांतून हें आज्ञापत्र येई. आतां तें संगणकावर वाचावयास मिळतें. घरचीं सारीं माणसें भोंवतीं बसलेलीं असतात, मुलगा मोठ्यानें वाचूं लागतो, आणि आपलीं पुढचीं दोन वर्षें ब्राझीलमध्यें जावयाचीं कीं जपानांत, हें त्याला त्याच क्षणीं समजतें. या कामाचा पगार मिळत नाहीं. उलट, खर्चाचा वांटा मुलानें वा त्याच्या कुटुंबानें उचलावयाचा असतो. २०२० सालीं अमेरिकन मुलांसाठीं ही रक्कम दरमहा ४०० डॉलरांवरून ५०० डॉलर करण्यांत आली. देश स्वस्त असो कीं महाग, रक्कम एकच. त्यामुळें कोणाच्या घरावर नशिबानें अधिक भार पडत नाहीं. कित्येक मुलें शाळेंत असल्यापासून फावल्या वेळीं कामें करून यासाठीं पैसा सांठवितात.

जपान नेमून मिळालेला मुलगा प्रथम यूटा संस्थानांतील प्रोव्हो येथील शिक्षणकेंद्रांत जातो. त्या केंद्रांत पन्नासांहून अधिक भाषा शिकविल्या जातात. हल्लीं आरंभींचे कांहीं धडे घरबसल्या संगणकावरूनहि होतात. सारें मिळून जपानीसाठीं साधारण दोन महिने! आयुष्यभर मुलांना परकी भाषा शिकविलेल्या मजसारख्या मास्तरास हें ऐकून हंसूं येतें. जपानींत दोन वर्णमाला आणि त्यांवर हजारों चित्राक्षरें. शिवाय थोरांशीं बोलण्याचें क्रियापद निराळें आणि बरोबरीच्यांशीं बोलण्याचें निराळें. दोन महिन्यांत मुलगा प्रार्थना म्हणूं लागतो, नांवगांव सांगूं लागतो, आणि समोरच्याचें उत्तर मात्र त्याला मुळींच समजत नाहीं. खरी शाळा पुढें रस्त्यावर भरते.

आतां त्याचा एक दिवस पाहूं. सकाळीं साडेसहाला उठणें. प्रार्थना, थोडा व्यायाम, स्नान, न्याहारी. मग धर्मग्रंथांचें वाचन, सोबत्याबरोबर दिवसाची आंखणी आणि भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास दोघेहि शिरस्त्राण घालून सायकलीवर बाहेर पडतात. रात्रीं नवाच्या सुमारास परत यावयाचें, दुसऱ्या दिवसाचा बेत लिहावयाचा आणि साडेदहाला दिवा मालवावयाचा. देशपरत्वें या वेळा थोड्या मागेंपुढें होतात, पण चौकट हीच.

या चौकटींतला मुख्य नियम सोबत्याचा. प्रचारक एकटा राहत नाहीं. सोबती निवडण्याचा अधिकार त्याला नाहीं; साधारणतः दर सहा आठवड्यांनीं बदल्यांची यादी निघते, तेव्हां जो वांट्याला येईल त्याच्यासह एका खोलींत राहावयाचें. एकाला पहाटेची उमेद, दुसऱ्याला झोंप प्रिय; एक अमेरिकेंतील शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा टोकियोंत वाढलेला. ते एकमेकांस पाळण्यांतल्या नांवानें हांक मारीत नाहींत. 'एल्डर' म्हणजे वडील ही उपाधि व त्यापुढें आडनांव. अठरा वर्षांच्या पोरास 'वडील' म्हणावें ही मौज खरी. परंतु ज्याला सारे दिवसभर वडील म्हणतात त्याला हळूहळू तसें वागावेंहि लागतें. सिनेमा नाहीं, मुलींशीं प्रेमसंबंध नाहीं. आठवड्यांतून एक दिवस कपडे धुणें, बाजारहाट, केस कापणें आणि घरीं पत्र लिहिणें यांसाठीं मोकळा असतो. २०१९ पर्यंत घरीं फोन करण्यास वर्षांतून दोनच दिवस परवानगी असे, एक नाताळ आणि दुसरा मातृदिन. त्या वर्षापासून दर आठवड्यास आईबापांशीं बोलण्याची मुभा मिळाली.

दिवसभराचें काम म्हणजे मुख्यतः माणसें शोधणें. जपानी घराच्या दाराशीं घंटा असते व तिच्याजवळ बोलण्याची जाळी. मुलगा पाठ केलेलें वाक्य म्हणतो. आंतून अत्यंत मृदु आवाजांत उत्तर येतें, 'केक्को देसु.' शब्दशः पाहिलें तर 'ठीक आहे' असा याचा अर्थ. नवखा मुलगा आनंदून दार उघडण्याची वाट पाहत उभा राहतो. जुना सोबती त्याची बाही ओढून सांगतो कीं, हा नकार आहे. जपानी मनुष्य सहसा 'नको' असें तोंडावर म्हणत नाहीं.

क्वचित् कोणी आजीबाई आंत बोलावतात आणि लगेच चहा पुढें ठेवतात. येथें निराळाच पेंच. १८३३ सालापासून चालत आलेल्या पंथाच्या आहारनियमानें मद्य, तंबाखू, कॉफी आणि चहा हीं वर्ज्य आहेत. जपानचा हिरवा चहाहि त्यांतच आला. पुढें आलेला पेला परत करणें हा घराचा अपमान, आणि पिणें हा व्रताचा भंग. मुलें नम्रपणें क्षमा मागतात, आणि घरांत भाजलेल्या सातूचें 'मुगिचा' असेल तर तें आनंदानें पितात. कित्येक ओळखी अशाच जमतात. याखेरीज त्यांच्या मंडळींच्या सभागृहांत इंग्रजी संभाषणाचे मोफत वर्ग हीच मुलें चालवितात; धर्मांत रस नसलेले विद्यार्थी, नोकरदार व गृहिणी त्यांना येतात.

नकार मिळण्याचें कारण केवळ उदासीनता असें मात्र समजूं नये. जपानी कुटुंब मूल जन्मल्यावर तें शिंटो देवळांत दर्शनास नेतें, आणि मृताचे विधि बौद्ध भिक्षूकडून करवितें. अनेक घरांत पूर्वजांचा देव्हारा असतो. 'माझाच मार्ग खरा, एवढाच धर' असें कोणी म्हटलें, तर ऐकणाऱ्यास प्रश्न पडतो तो परलोकाचा नव्हे, घरचा. आजोबांच्या देव्हाऱ्यापुढें उद्यां धूप कोण लावील? दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला पहिल्या महिन्यांत हें दिसत नाहीं. ज्याला दुसऱ्या वर्षीं तरी दिसूं लागतें, तोच दारामागच्या माणसाशीं बोलूं शकतो.

आल्मा टेलर यानें हाच धडा आपल्या परीनें गिरविला. प्रचाराला यश येत नव्हतें. ग्रँट १९०३ सालीं परत गेले, टेलर राहिला. १९०४ सालीं त्यानें 'मॉर्मनच्या ग्रंथा'चें जपानी भाषांतर हातीं घेतलें, आणि १९०५ सालीं सर्व जपानी मिशनचें अध्यक्षपदहि त्याच्याकडे आलें. आपलें जपानी पुस्तकी व परकें आहे ही जाणीव त्याला होती; म्हणून त्यानें जपानी विद्वानांकडून तें तपासून घेतलें. इकुता चोको या प्रसिद्ध साहित्यिकाचा हात त्यावरून फिरला. १९०९ सालीं ग्रंथ छापून निघाला, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं टेलर मायदेशीं निघाला. मुलगा म्हणून आलेला हा मनुष्य सत्ताविशींत परतत होता.

फळ काय मिळालें? १९२४ सालीं हें मिशन बंद करण्यांत आलें. तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेंहूनहि कमी होती. बंद करण्याचा निर्णय घेणारे अध्यक्ष तेच हीबर ग्रँट, ज्यांनीं तें उघडलें होतें! परंतु मागें राहिलेल्या मूठभर लोकांना फुजिया नारा या गृहस्थांनीं कांहीं वर्षें पत्रांनीं व एका लहानशा मासिकानें एकत्र ठेवलें. १९४६ सालीं, महायुद्ध संपतांच, अमेरिकन सैनिकांच्या ओळखीनें तात्सुई सातो यांनीं सपत्नीक बाप्तिस्मा घेतला. १९४८ सालीं मिशन पुन्हा सुरू झालें. आणि १९५७ सालीं सातो यांनीं केलेलें बोलभाषेंतील नवें भाषांतर प्रसिद्ध झालें. १९८० सालीं टोकियोस त्यांचें मंदिर उभें राहिलें. आशियांतील तें पहिलें. आज जपानांतील नोंदलेले सभासद लाखाहून अधिक आहेत. नियमितपणें सभेस येणारे त्याहून पुष्कळच कमी.

या व्यवस्थेवर आक्षेपहि आहेत, आणि ते झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं. अठराव्या वर्षीं दिलेला होकार कितपत स्वतःचा असतो? ज्या घरांत बाप, आजा आणि थोरला भाऊ जाऊन आलेले, तेथें धाकट्यानें 'मी जात नाहीं' म्हणणें सोपें नसतें. शरीरानें वा मनानें खचून कांहीं मुलें मुदतीपूर्वींच परततात. त्यांना पराभूतासारखें वाटतें, आणि शेजारच्यांच्या नजरा तें दुःख वाढवितात. शिवाय दुसऱ्यानें आपला पिढीजाद धर्म सोडावा ही अपेक्षाच पुष्कळांना, आणि मलाहि, खटकते. नम्रपणें मागितली तरी ती मागणी मोठीच आहे.

तरीहि मास्तर म्हणून एक गोष्ट मला मान्य केली पाहिजे. आम्हीं शाळेंत मुलांना उत्तरें द्यावयास शिकविलीं. नकार ऐकावयास शिकविलें नाहीं. परीक्षेंत एकदां नापास झालेला हुशार मुलगा महिनेचे महिने घराबाहेर न पडल्याचें मीं पाहिलें आहे. दिवसाकांठीं अनेक वेळां 'केक्को देसु' ऐकून, रात्रीं दुसऱ्या दिवसाचा बेत लिहून, सकाळीं साडेसहाला उठणारा मुलगा कोणता धर्म पसरवितो हा भाग वेगळा. परंतु तो जें स्वतः शिकतो तें आमच्या वर्गांत मिळत नव्हतें. हें आपल्या मुलांना धर्मप्रचाराखेरीज अन्य कोणत्या मार्गानें शिकवितां येईल, याचा विचार आपण केला पाहिजे.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज परदेशीं असतात. आपणहि त्यांच्याकडे जातां. एखाद्या दुपारीं अशी जोडी तेथल्या दाराशीं आली, तर त्यांचें म्हणणें मान्य करण्याचें कारण नाहीं, आणि खोटी आशाहि लावूं नये. 'आम्हांला आमचा धर्म आहे,' असें स्पष्ट सांगावें. फक्त दार लावण्यापूर्वीं, 'पाणी घेतां का?' एवढें विचारावें. चहा विचारूं नये. तो त्यांना चालत नाहीं.