भागीचा धंदा : आधी कागद, मग कारभार



रेडिओवर कायद्याची माहिती ऐकताना सगळंच ध्यानात राहतं असं नाही. म्हणून भागीदारीविषयीच्या मुख्य गोष्टी या पत्रकात छापून देत आहोत. पत्रक जपून ठेवा. भागीत धंदा काढण्याआधी ते घरात एकदा मोठ्याने वाचा.

आपल्या पालघर भागात शेतीला जोडून धंदा करायला पुष्कळ वाव आहे. बोईसरला तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कँटीनना रोज भाजी, तांदूळ, अंडी लागतात. केळवे-माहीमची पानं, डहाणू-घोलवडचे चिकू, वाड्याचा कोलम, सातपाटीची मासळी यांना बाहेरगावचं गिऱ्हाईक आहे. पण सगळं एकाजवळ नसतं. एकाजवळ माल असतो, दुसऱ्याजवळ टेंपो असतो, तिसऱ्याची वसाहतीत ओळख असते. मग तिघं एकत्र येतात, नारळ फोडतात आणि धंदा सुरू होतो. कागद मात्र कोणी करत नाही. "आपल्यात कसला कागद?" असं म्हणून विषय संपतो.

पहिलं वर्ष गोडीत जातं. पुढे बिल थकतं, टेंपोचा खर्च वाढतो, कोणाला तरी वाटतं की आपण जास्त राबतो. मग बोलाचाली होते. भागीचं घोडं किवणानं मेलं, ही म्हण उगीच पडलेली नाही. हे टाळायचं कसं ते आता पाहू.

भागीदारी कशाला म्हणतात?

आपल्याकडे यासाठी १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा आहे. धंदा सर्वांनी किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालवायचा आणि नफा वाटून घ्यायचा, असा करार झाला म्हणजे भागीदारी झाली. त्या भागीदारांना मिळून पेढी किंवा फर्म म्हणतात. करार तोंडी असला तरी भागीदारी होते. म्हणजे कागद नाही म्हणून जबाबदारी टळली असं समजू नका. जबाबदारी येतेच, नसतो तो फक्त पुरावा.

एकत्र कुटुंब म्हणजे भागीदारी नव्हे. भागीदारी जन्माने होत नाही, कराराने होते. दोघा भावांची जमीन सामाईक आहे आणि ते पीक वाटून घेतात, एवढ्याने ते भागीदार होत नाहीत. पण त्याच दोघांनी मिळून भातगिरणी घातली आणि नफा वाटायचं ठरवलं, तर ते भागीदार झाले.

तुम्ही ठरवलं नाही, तर कायदा ठरवतो

एक उदाहरण घेऊ. समजा, तिघांनी कँटीनला भाजी पुरवायचा धंदा काढला. बागायतदाराने ६०,००० रुपये घातले, टेंपोवाल्याने ४०,००० घातले. तिसऱ्याने पैसे घातले नाहीत. तो ऑर्डर आणणार आणि वसुली करणार. वाटा किती, हे कोणी बोललंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ज्याचे पैसे जास्त त्याला नफा जास्त. तसं नाही. काही ठरलं नसेल तर कायद्याने सर्वांचा वाटा सारखा. तोटाही सारखा. आणि करारात लिहिल्याशिवाय राबणाऱ्या भागीदाराला पगार मागता येत नाही.

धंदा मोडला. सामान विकून, वसुली करून १,५०,००० रुपये हाती आले. बाहेरच्यांचं देणं ९०,००० होतं. ते आधी फेडावं लागतं. बागायतदाराने मध्येच २०,००० रुपये धंद्याला उसने दिले होते. ते दुसरे फिटतात. उरले ४०,०००. भांडवल होतं १,००,०००, म्हणजे तोटा ६०,०००. तिघांच्या वाट्याला प्रत्येकी २०,०००. बागायतदाराला भांडवलापैकी ४०,००० परत मिळतील, टेंपोवाल्याला २०,०००. आणि तिसऱ्याने एक पैसा घातला नव्हता, त्याने मात्र २०,००० घरातून आणून भरायचे! त्याला वाटत होतं, "माझं काय जाणार?" सुरुवातीलाच "तोट्यात याचा वाटा नाही" किंवा "इतकाच वाटा" असं लिहिलं असतं, तर भागीदारांच्या आपसातल्या हिशेबात तेच लागू झालं असतं.

कर्ज एकाने काढलं, देणं सर्वांचं

ही बाब सर्वांत महत्त्वाची आहे. धंद्याच्या नेहमीच्या कामात एका भागीदाराने पेढीच्या नावाने जे केलं, ते सर्वांना बांधतं. टेंपोवाल्याने पेढीच्या नावावर टायर उधार आणले, तर दुकानदार तिघांपैकी कोणाकडूनही पूर्ण पैसे मागू शकतो. "माझा वाटा एक तृतीयांश, तेवढंच देईन" हे दुकानदारापुढे चालत नाही. पेढीची मालमत्ता पुरली नाही, तर वसुली भागीदाराच्या खासगी मालमत्तेपर्यंत येऊ शकते. त्यात सातबारावरची जमीनही आली. धंदा बोईसरला बुडतो आणि नोटीस गावात घरी येते, ती अशी.

"५,००० रुपयांवर उधारी एकट्याने करायची नाही" असं आपसात ठरवता येतं. पण ज्याला ते माहीत नाही, त्या दुकानदाराला ते लागू पडत नाही. म्हणून नेहमीच्या दुकानदारांना तसं पत्र द्या आणि पोच घ्या. पेढीच्या वतीने स्थावर घेणं-विकणं, पेढीचं खातं स्वतःच्या नावाने उघडणं, पेढीचं येणं परस्पर सोडून देणं, या गोष्टी एकट्या भागीदाराला आपल्या अधिकारात करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

नोंदणी का करावी?

नोंदणी नाही म्हणून भागीदारी बेकायदा ठरत नाही. पण नोंदणी नसली तर दोन हात बांधले जातात. एक, कंत्राटदाराने बिल बुडवलं तर पेढीला करारावरून त्याच्यावर दावा लावता येत नाही. तो मात्र तुमच्यावर लावू शकतो. दोन, भागीदाराने करार मोडला तर चालू धंद्यात त्याच्याविरुद्ध तो करार कोर्टातून बजावून घेता येत नाही.

महाराष्ट्रात १९८४ च्या दुरुस्तीने नियम आणखी कडक झाला होता. नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदाराला धंदा मोडून हिशेब मागण्याचा दावाही बंद झाला होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरवलं. त्यामुळे आज नोंदणी नसली तरी पेढी मोडण्याचा आणि हिशेबाचा दावा लावता येतो. पण गिऱ्हाइकाकडच्या थकबाकीची अडचण तशीच आहे.

नोंदणी भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे होते. हल्ली अर्ज ऑनलाइन भरता येतो. महाराष्ट्रात पेढी स्थापन झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला तर दंड भरावा लागतो. दावा लावण्याच्या दिवशी नोंदणी झालेली हवी आणि त्या दिवशीच्या सर्व भागीदारांची नावं नोंदवहीत हवीत. म्हणून भागीदार बदलला की लगेच कळवा.

करारपत्रात काय लिहावं?

करारपत्र योग्य मुद्रांकावर, वकिलाकडून करून घ्या. त्यात हे मुद्दे आहेत का, ते स्वतः वाचून पाहा :

१) पेढीचं नाव, पत्ता, धंदा नेमका कोणता.
२) मुदत. एका हंगामापुरती की कायमची? मुदत लिहिली नाही, तर कोणीही भागीदार लेखी नोटीस देऊन पेढी मोडू शकतो.
३) कोणी किती पैसे, कोणती वस्तू दिली. टेंपो पेढीचा झाला की भाड्याने दिला, हे स्पष्ट हवं.
४) नफ्याचा वाटा आणि तोट्याचा वाटा, दोन्ही.
५) राबणाऱ्याचा पगार, दरमहा उचल किती.
६) बँकेचं खातं पेढीच्या नावाने, चेकवर दोघांच्या सह्या.
७) वह्या कुठे राहतील, हिशेब कोणत्या तारखेला होईल. वह्या पाहण्याचा आणि नक्कल घेण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे.
८) कोणाला बाहेर पडायचं तर किती आधी सांगायचं, त्याचा वाटा कसा मोजायचा, किती हप्त्यांत द्यायचा.
९) भागीदार वारला तर काय? करारात काही नसेल तर पेढी तिथेच संपते. धंदा चालू ठेवायचा असेल तर तसं लिहा आणि त्याच्या घरच्यांना काय मिळेल तेही लिहा.
१०) वाद झाला तर लवाद कोण.

प्रत्येक भागीदाराजवळ सही केलेली एकेक प्रत हवी.

जमिनीबाबत सावध

जमीन पेढीच्या भांडवलात घातली तर ती पेढीची मालमत्ता होते आणि मुद्रांक शुल्कही खरेदीखतासारखं लागतं. त्यापेक्षा शेड किंवा खळं वापरायला दिलं असेल, तर "मालकी माझीच, फक्त वापर पेढीचा" असं लिहून घ्या.

आपल्या जिल्ह्यात आदिवासी खातेदार पुष्कळ आहेत. आदिवासीची जमीन विक्री, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य मार्गाने बिगर-आदिवासीकडे जायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. "आपण भागीदार आहोत, जमिनीचं आपसात पाहू" म्हणून कोणी कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा मागत असेल, तर देऊ नका.

वाद झालाच तर

आधी वह्या घेऊन बसा. जमलं नाही तर लवादाकडे जा. लेखी करारात लवादाचं कलम असेल, तर १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे त्याने रीतसर दिलेला लेखी निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. चार पंचांनी चावडीवर नुसतं तोंडी सांगितलेल्या निकालाला ते बळ नसतं.

बाहेर पडणाऱ्याने गुपचूप घरी बसू नये. जाहीर नोटीस द्यावी : निबंधकाला, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात. नाहीतर पुढच्या उधारीतही त्याचं नाव ओढलं जातं. मोडलेल्या पेढीच्या हिशेबाचा दावा मोडल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. "पुढच्या हंगामात बघू" करता करता मुदत निघून जाते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो.

थोडक्यात ध्यानात ठेवा

कागदाशिवाय भागी नको. नोंदणीशिवाय मोठी उधारी नको. दरमहा हिशेब लिहा आणि सगळ्यांनी सही करा. आत येताना बाहेर पडण्याची वाटही लिहून ठेवा. कागद मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. बांध नीट घातलेला असला म्हणजे दोन शेजारी सुखाने आपापलं भात कापतात. भागीच्या धंद्यातही बांध असाच आधी घालावा.