छात्रसेना, महाविद्यालयीन

महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम चालू असतानाच प्राथमिक सैनिकी शिक्षण देणारी संघटना. भारतात हे कार्य राष्ट्रीय छात्रसेनेच्या (एन. सी. सी.) वरिष्ठ विभागामार्फत चालते, शाळांसाठी निराळा कनिष्ठ विभाग आहे. छात्र हा सैनिक नव्हे. तो गणवेश घालतो, शस्त्र हाताळतो व हुकूम पाळतो. तथापि छात्रसेनेत नाव नोंदविल्यामुळे त्याच्यावर प्रत्यक्ष सैनिकी सेवेचे बंधन येत नाही. १९४८ च्या राष्ट्रीय छात्रसेना अधिनियमातच तशी तरतूद आहे. या शिक्षणातून सैन्याला अधिकारी मिळावेत की समाजाला शिस्तबद्ध नागरिक, हा प्रश्न संघटनेच्या स्थापनेपूर्वीपासून चर्चिला गेला आहे. नाशिक येथे या दोन्ही प्रवाहांचा निकटचा संबंध आढळतो.

पूर्वपीठिका : १८७८ च्या शस्त्र अधिनियमानंतर सामान्य हिंदी माणसाचा शस्त्राशी संबंध जवळजवळ तुटला होता व सैन्यातील अधिकारपदेही त्याला बंद होती. त्यामुळे सैनिकी शिक्षणाची मागणी ही राजकीय हक्काची मागणी बनली. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासू लागल्यावर १९१७ च्या भारतीय संरक्षण दल अधिनियमान्वये विद्यापीठांतून छात्रपथके उभारण्यात आली. १९२० च्या प्रादेशिक सेना अधिनियमानुसार त्यांचे रूपांतर विद्यापीठ प्रशिक्षण दलात (यू. टी. सी.) झाले आणि १९४२ मध्ये त्यास विद्यापीठ अधिकारी प्रशिक्षण दल असे नाव मिळाले. या दलांचा विस्तार मर्यादित होता व दुसऱ्या महायुद्धात सैन्याला त्यांपासून अपेक्षेइतके अधिकारी मिळाले नाहीत.

महाराष्ट्रात या मागणीचा सातत्याने पाठपुरावा करणाऱ्यांत डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१८७२–१९४८) हे प्रमुख होत. भारतात सैनिकी अधिकाऱ्यांचे महाविद्यालय काढण्यासाठी १९३१ मध्ये सर फिलिप चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. या समितीच्या शिफारशींनुसार १९३२ मध्ये डेहराडूनची भारतीय सैनिकी अकादमी सुरू झाली. तत्पूर्वी पहिल्या गोलमेज परिषदेनंतर यूरोपात त्यांनी सैनिकी व युवकशिक्षणाच्या संस्था पाहिल्या आणि मार्च १९३१ मध्ये रोम येथे मुसोलिनीची भेट घेतली. १९३५ मध्ये त्यांनी नाशिक येथे सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व १९३७ मध्ये भोसला सैनिकी विद्यालय सुरू केले. इटलीतील एकपक्षीय युवक संघटनांविषयी मुंजे यांनी व्यक्त केलेली अनुकूलता आणि त्यांच्या संस्थेची एका धर्मसमाजापुरती मर्यादित कल्पना यांवर पुढे अभ्यासकांनी टीका केली आहे. मात्र अकादमीत प्रवेश मिळवू शकतील अशी मुले घडवावयाची, तर शाळेपासूनच पूर्वतयारी हवी, ही त्यांची निकड वास्तव होती. मुंजे यांचे मार्च १९४८ मध्ये नाशिक येथेच निधन झाले. पुढच्याच महिन्यात राष्ट्रीय छात्रसेना अधिनियम संमत झाला.

स्थापना व विस्तार : १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिने १९४७ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार सर्व धर्मांच्या, जातींच्या व प्रांतांच्या विद्यार्थ्यांना खुली अशी देशव्यापी संघटना निर्माण झाली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग, १९५० मध्ये वायुदल शाखा व १९५२ मध्ये नौदल शाखा सुरू झाली. प्राध्यापकांतून निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय १९५७ मध्ये पुरंदर किल्ल्यावर करण्यात आली. ती संस्था पुढे नागपूरजवळील कामठी येथे हलविण्यात आली.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हे शिक्षण सक्तीचे करण्यात आले. अल्पावधीत छात्रांची संख्या अनेक पटींनी वाढली. परंतु त्या प्रमाणात प्रशिक्षक, गणवेश व शस्त्रे उपलब्ध होऊ शकली नाहीत. मनाविरुद्ध मैदानावर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कवायत ही केवळ हजेरीची बाब ठरली. १९६८ मध्ये सक्ती उठविण्यात आली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचा पर्याय पुढे आला. संख्या घटली, तरी स्वेच्छेने येणारा छात्र मिळू लागल्याने प्रशिक्षणाचा कस वाढला. शिस्त बाहेरून लादता येते. पण ती टिकण्यास शिकणाऱ्याची संमती लागते, हा या पाच वर्षांचा धडा होय. ‘एकता आणि अनुशासन’ हे ब्रीदवाक्य १९८० मध्ये स्वीकारण्यात आले.

छात्रजीवन : वरिष्ठ विभागाचा पूर्ण अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. प्रवेशाच्या वेळी उंची, धाव व शारीरिक क्षमता पाहिली जाते. कवायतीचे तास बहुधा सकाळी, व्याख्यानांपूर्वी किंवा सुटीच्या दिवशी होतात. पहिले काही महिने उभे राहणे, वळणे, सलामी देणे व पाऊल जुळविणे यांतच जातात. ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘दाहिने मूड’, ‘तेज चल’ हे हुकूम देशभर हिंदीतून दिले जात असल्याने निरनिराळ्या राज्यांचे छात्र एकत्र आले, तरी पथक एका आवाजावर चालते. त्यानंतर नकाशावाचन, होकायंत्राचा वापर, क्षेत्रकौशल्य, प्रथमोपचार, आपत्तीतील मदतकार्य व नेमबाजी शिकविली जाते. नेमबाजीचा आरंभ ·२२ रायफलीने होतो. छात्र जमिनीवर पालथा पडून, श्वास रोखून नेम धरतो. सर्व गोळ्या एकमेकींच्या जवळ लागणे, म्हणजे गट साधणे, हे पहिले उद्दिष्ट असते.

पथकाचा कारभार बव्हंशी छात्रांकडेच असतो. लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट अशा पायऱ्या चढत निवडक छात्र अंडर ऑफिसर होतो. वर्गमित्रांनाच हुकूम द्यावयाचा आणि तास संपल्यावर त्यांच्याच बाकावर बसावयाचे, हे नेतृत्वाचे अवघड शिक्षण आहे. अधिकार हा पदाचा असतो, व्यक्तीचा नव्हे, हे त्यातून उमगते.

वार्षिक शिबिर हा छात्रजीवनाचा गाभा होय. सु. दहा दिवसांच्या या शिबिरात पहाटेच्या गिनतीपासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत दिवस बांधलेला असतो. अंथरुणाची घडी, बुटांची चकाकी, पट्ट्याचे पितळ, लंगरापुढील रांग व तंबूभोवतीची स्वच्छता या सर्वांची तपासणी होते. जात, भाषा वा घरची सांपत्तिक स्थिती यांचा भेद तेथे चालत नाही. दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी यांसारख्या तालुक्यांतून शहरात शिकण्यास आलेल्या विद्यार्थ्याला अनोळखी मुलांबरोबर एका पंगतीत जेवण्याचा व एका तंबूत राहण्याचा अनुभव त्यातून मिळतो. दिल्लीतील प्रजासत्ताकदिन शिबिरासाठी महाविद्यालय, बटालियन, गट व राज्य अशा पायऱ्यांनी निवड होते.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ‘ब’ व तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस ‘क’ प्रमाणपत्राची परीक्षा असते. ‘क’ प्रमाणपत्रात आवश्यक श्रेणी मिळविणाऱ्या पात्र पदवीधरास विशेष प्रवेश योजनेखाली लेखी परीक्षेविना सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीस जाता येते. ही सवलत लेखी परीक्षेपुरतीच असते. मंडळाच्या कसोट्या व वैद्यकीय तपासणी कोणासही चुकत नाही.

नाशिक परिसर : नाशिकमधील विद्यार्थ्याला सैनिकी जीवन दुरून पाहावे लागत नाही. देवळालीची छावणी ब्रिटिश अमदानीतील असून तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय काकूलहून तेथे आले. नाशिक रोड येथे तोफखाना केंद्र, तर ओझर येथे १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. शहरातील हं. प्रा. ठा. कला महाविद्यालय (स्थापना १९२४) व के. टी. एच. एम. महाविद्यालय (१९६९) यांसारख्या जुन्या संस्थांतून छात्रसेनेची पथके आहेत. भोसला संस्थेनेही १९८६ मध्ये महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थिनींच्या दृष्टीने अलीकडील बदल विशेष महत्त्वाचे आहेत : सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला आणि २०२३ मध्ये राज्य शासनाने मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था नाशिक येथे सुरू केली. ज्या मुलींच्या विभागाकडे पूर्वी केवळ संचलनाची शोभा म्हणून पाहिले जाई, तिला आता पुढील मार्ग लाभला आहे.

मूल्यमापन : १९६५ व १९७१ च्या युद्धांत छात्रांनी नागरी संरक्षणाच्या कामी साहाय्य केले, २०२० च्या कोविड साथीतही प्रशासनास त्यांची मदत झाली. सत्तरीच्या दशकात गणितज्ञ व शिक्षणतज्ञ डॉ. ग. स. महाजनी यांच्या अध्यक्षतेखाली संघटनेच्या कार्याचे मूल्यमापन करण्यात आले. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनेनुसार छात्रसेना हा ऐच्छिक, श्रेयांकपात्र विषय म्हणून घेता येतो. श्रेयांकामुळे कवायतीचे श्रम गुणपत्रिकेत उमटतात; त्याचबरोबर केवळ गुणांसाठी येणाऱ्यांमुळे १९६३ च्या सक्तीतील दोष पुन्हा शिरण्याचा संभवही नाकारता येत नाही.

सैन्यात जाणाऱ्या छात्रांची संख्या एकूण छात्रसंख्येच्या मानाने नेहमीच अल्प राहिली आहे. ते संघटनेचे अपयश मानले जाते. पण कुंझरू समितीने घातलेला पाया पाहता तसे म्हणणे न्याय्य होणार नाही. बहुतेक छात्र शिक्षक, शेतकरी, व्यापारी वा कर्मचारी होतात. वेळ पाळणे, अडचणीत पुढे होणे आणि अनोळखी माणसाला आपल्या रांगेतील मानणे, एवढे जरी त्यांच्या अंगी उरले, तरी या शिक्षणाचा हेतू मोठ्या अंशी साध्य झाला असे म्हणता येईल.