उलटलेली होडी सोडूं नये

मुंबई बंदरांत शिडाच्या होड्यांचा छंद फार जुना. रॉयल बॉम्बे यॉट क्लबाची स्थापना १८४६ सालची. अशा क्लबांत नवशिक्यांच्या आरंभींच्या धड्यांतच होडी मुद्दाम उलटवून पुन्हां सरळ करणें येतें. त्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

होडी उलटली म्हणजे बुडाली, असें समजून माणूस किनाऱ्याकडे पोहूं लागतो. पाण्यावरून किनारा जवळ भासतो. ओहोटीची ओढ मात्र दिसत नाहीं. शिकाऊ होडींत हवाबंद कप्पे असतात, त्यामुळें ती उलटली तरी तरंगते. शिवाय लाटांतलें एकटें डोकें शोधणाऱ्यांस सहसा दिसत नाहीं. होडीचा तळ दुरूनहि दिसतो.

मोठ्या नौकांचीहि गोष्ट फारशी वेगळी नाहीं. ऑगस्ट १९७९ मध्यें इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रांत फास्टनेट शर्यतीला वादळानें गांठलें. शर्यतींत ३०३ नौका उतरल्या होत्या. १५ स्पर्धक दगावले. चोवीस नौका माणसांनीं सोडून दिल्या, पण त्यांपैकीं बुडाल्या पांचच. कित्येकांनीं ज्या रबरी तराफ्यांचा आश्रय घेतला, ते तराफेच उलटले किंवा फाटले.

म्हणून तरंगतें जाकीट किनाऱ्यावरच अंगांत चढवावें, आणि होडी तरंगते आहे तोंवर तिची साथ सोडूं नये.