जुनी हत्यारं : भाग ५ – गंज किती काढायचा?

भंडाऱ्याकडे घरातलं जुनं सामान कुणी अंगणात मांडून विकत नाही. दिवाळीची आवराआवर निघाली की ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं. पुढे दुकानात वाढईची पटाशी काय आणि खिडकीचा गज काय, सगळं एकाच काट्यावर, लोखंडाच्या भावाने. धानाच्या बांधीत हार्वेस्टर उतरल्यापासून विळेही या ढिगात दिसू लागलेत. ढीग एकदा ट्रकमध्ये भरला की पुढचा मुक्काम भट्टी. म्हणून दुकानदाराशी ओळख ठेवावी, ‘लाकडी मुठीचं काही आलं तर बाजूला ठेवा’ एवढं सांगून ठेवावं आणि भावात फार घासाघीस करू नये.

उचलण्याआधी धारेजवळ जुनी कानस हलकेच फिरवून बघा. ती घसरली, तर पोलादाचं पाणी शाबूत आहे. चावली, तर धार मऊ पडली आहे. असं हत्यार लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावं लागेल. लोहाराने घडवलेले कोयते-कुऱ्हाडी बहुधा ट्रकच्या कमानपाट्याच्या. हे सिलिको-मँगनीज पोलाद, चिवट आणि धार धरणारं. त्यातलं मँगनीज हे आपल्या तुमसर तालुक्याचं खनिज : चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणी त्याच्याच. थोडं मँगनीज जवळपास प्रत्येक पोलादात असतं. मात्र शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ साली ते बारा टक्क्यांच्या आसपास नेलं, तेव्हा ठोके खाऊन आणखी कडक होणारं पोलाद हाती आलं. गिट्टी क्रशरचे जबडे आणि रुळांचे सांधे त्याचेच होतात. असा तुकडा हाती लागला तर हौसेने कापायला बसू नका, करवतीचीच पाती संपतील.

आता गंज. पितळेची भांडी पिढ्यान् पिढ्या चिंचेने उजळवणाऱ्या या गावाला आम्लाची करामत नव्याने सांगायला नको. लोखंडासाठी किराणा दुकानातलं लिंबूसत बरं : लिटरभर पाण्यात साधारण ५० ग्रॅम. आधी रॉकेल आणि तारेच्या ब्रशने तेलकट मळ काढा, नाहीतर आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. मूठ पाण्याबाहेर ठेवून फक्त लोखंड बुडवा. दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून घासा. रात्रभर विसरलात तर आम्ल गंज संपवून लोखंडाकडे वळतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवून लगेच कोरडं करा, उन्हात तापवा, तेलाचं बोट फिरवा. यात आळस केला तर अर्ध्या तासात नारिंगी झाक परत येते. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं.

एवढं केल्यावर खाली जो काळपट थर उरतो, तो राहू द्या. चांदीसारखं चकाकणारं हत्यार शोकेसमध्ये शोभतं, कामात नाही. त्या थराने पुढचा गंज थोडा लांबतो, आणि मुठीजवळचा कारखान्याचा छापही वाचता येतो. जुन्या पटाशीची कड नीट साफ केली तर कधी कधी एक बारीक रेघ दिसते : वर मऊ लोखंड, खाली धारेपुरती पोलादाची पट्टी, दोन्ही भट्टीत ठोकून जोडलेली. पोलाद महाग होतं, तेव्हाची ही काटकसर. म्हणजे त्या पट्टीपुरतंच पटाशीचं आयुष्य.

आणि नेमकी हीच पट्टी ग्राइंडर खातो. हौशी माणसाच्या हातून गंजापेक्षा जास्त हत्यारं ग्राइंडरने मेली आहेत, असं माझं मत आहे. साध्या पोलादाची धार साधारण २२० अंशांना गवती पिवळी होते, ३०० च्या आसपास निळी. निळी दिसली की तेवढा भाग मऊ झाला, मग दगडावर कितीही पाजवा. चाक वापरायचंच असेल तर धरणारं बोट उघडं ठेवा. बोटाला चटका बसण्याआधी हत्यार पाण्यात. नाहीतर सरळ पाण्याचा दगड घ्या. वेळ लागतो, पण पोलाद राहतं.

दांड्याला धावडा किंवा तिवस. दोन्ही लाकडं झटका सोसतात. लाकूड सावलीत वाळवलेलं हवं. ओला दांडा बसवला तर तो सुकून आकसतो आणि कुऱ्हाडीचं पान सुटतं. सैल दांडा पाण्यात बुडवण्याची सवय मात्र सोडा. फुगलेले तंतू लोखंडाच्या छिद्रात दाबले जातात आणि सुकल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. टिकासाचा दांडा वरून घालतात, त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर तो घट्टच होत जातो.

वरून जवसाचं तेल. धान निघण्याआधीच बांधीत जवस फेकणाऱ्या भागात ते परक्या ठिकाणाहून आणायला नको. हवेतला प्राणवायू घेऊन ते लाकडात घट्ट होतं. खोबरेल तेलकटच राहतं. पातळ हात द्या, पुसा, दोन-तीन दिवस सुकू द्या, मग दुसरा हात. पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना ऊब सुटते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

पुढच्या आठवड्यात करवत : दात कोणत्या कानशीने घासायचे आणि आलटून-पालटून किती वळवायचे.