मुरमाची द्राक्षे

वाइन हा शब्द उच्चारला की आमच्या घरात अजून आवाज खाली येतो. म्हणून आधीच सांगून टाकते, वाचकहो, की हा लेख जमिनीविषयी आहे. पिण्याबद्दल ज्याचे त्याने पाहावे. नाशिकची द्राक्षे आपण सर्वांनीच हातगाडीवर घासाघीस करून घेतलेली आहेत. त्याच नाशकात दुसरी एक द्राक्षे होतात. ती बाजारात सहसा दिसत नाहीत, आणि त्यांचा सगळा कारभारच उलटा!

युरोपात थंडी पडली की वेल पाने टाकून झोपी जाते, वसंतात जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचे घड उतरवतात. आपल्याकडे तिला झोप लागण्याइतकी थंडीच नाही. तेव्हा वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते. एप्रिलात खरड छाटणी. मग नव्या काड्या फुटतात आणि उन्हाळ्याच्या त्या तापात काडीच्या डोळ्यात पुढचा घड गुपचूप घडत असतो. पावसाळाभर नुसती पाने. नंतर ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि फळ पिकते ते जानेवारी ते मार्चमध्ये.

नाशिकचे भाग्य या थंडीतल्या पिकण्यातच आहे. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. जानेवारीत दुपारी कोट काढावा लागतो आणि पहाटे पारा कित्येकदा १० अंशांखाली जातो. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. रात्रीही उबारा असला तर तो आंबटपणा भराभर खर्ची पडतो, आणि वाइन सपक होते.

दिंडोरीकडे आमच्या परिचयाचे एक बागाईतदार आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची जमीन दोन जागी. ओढ्याकाठी काळी, कसदार; तिथे मांडवावर थॉम्पसन. वर चढाला मुरमाड माळ, जो वाटणीच्या वेळी भावांपैकी कोणीच मागितला नाही. तिथे शिराझ, कुंपणासारखी तारांवर उभी चढवलेली.

"ताई, खाली मणी फुगवायचा," अण्णा सांगत होते. "जीएमध्ये घड बुडवायचा, पाणी पाजायचं, एकरी दहा टन काढायचे. वर मणी फुगला की कंपनीचा माणूस तोंड वाकडं करतो."

त्याचे कारण सालीत आहे. तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. आतला रस बहुतेक बिनरंगीच असतो. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त. मुरमातून पाणी निथळून जाते, वेल बेताने वाढते, मणी बारीक राहतो. काळ्या जमिनीत पानेच माजतात, घड सावलीत राहतात, वर भुरीचे भय. मी वरचा एक मणी तोंडात टाकला. साल जाड, बिया मोठ्या, आणि गोडी मात्र खालच्या थॉम्पसनला लाजवील अशी! टोपलीभर घेऊन घरी आणावा असा मात्र तो नव्हे.

फ्रान्सच्या बरगंडीत हे शहाणपण शतकानुशतकांचे आहे. क्लो द वूजो नावाचा सुमारे ५० हेक्टरांचा एकच मळा, भोवती भिंत, आत सुमारे ८० मालक. पण चढावरच्या वेलींची ख्याती खालच्या, रस्त्यालगतच्या ओलसर पट्ट्याहून मोठी. आपल्याकडे 'सुला'ने राजीव सामंतांच्या हाताखाली गंगापूर धरणाच्या बाजूला १९९७ साली वेली लावल्या, पहिली वाइन २००० साली आणली. त्यांच्या एका शिराझवर आता दिंडोरीचे नाव आहे. पुढे अकलूजकडे 'फ्रातेल्ली'च्या बागा झाल्या. तो मुलूख अधिक कोरडा. पावसाचा फरक पाहायला मात्र इतके लांब जायला नको: इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि सुमारे ४५ किलोमीटरवरच्या नाशकात त्याचा तिसरा हिस्साही नाही.

जागा चांगली मिळाली म्हणून सारे सुरळीत होते असे मात्र नाही. २००८ नंतरच्या मंदीत वायनऱ्यांनी खरेदी आखडती घेतली, आणि कित्येकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षे लावली. अण्णांच्या शेजाऱ्यांनीही उपटल्या. अण्णांच्या ठेवल्या गेल्या, कारण त्या माळावर दुसरे काही धड येईना. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली, तेव्हा तयार घड मातीत गेले.

त्यामुळे गोडी छाटणीची तारीख हा अण्णांच्या घरातला दरसालचा वादाचा विषय. लवकर छाटावे, तर परतीच्या पावसात कोवळ्या फुटीवर केवडा येतो. उशीर करावा, तर मण्यात गोडी भरता भरता मार्च उजाडतो, ऊन तापते, आंबटपणा उतरतो, आणि गारांची टांगती तलवार असतेच. आता त्यांनी माळाचे दोन भाग केले आहेत आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने ते छाटतात. आधी कोणता भाग घ्यायचा, ते दसऱ्याच्या आसपास आभाळाकडे पाहून वहिनी ठरवतात.